बेशरमाच्या उजव्या अंगानं

आपा, तुले माती द्यायले मले येता आलं नाही. कोणी हात धरून अडवलं नाही, पण कबरस्तानात बायका जातच नाहीत, अन् माझ्या एकटीसाठी रीत कोण बदलवते? तुले उचललं तवा मी तुझ्या ओट्याच्या खांबाले धरून उभी होती. माणसं वळणापलीकडं दिसेनाशी झाली, आतून बायकाईचा रडायचा आवाज चढला, अन् मले काही आत जाववेना. जाऊन करू काय? तिथं सगळ्याईले तुझ्यासाठी रडायचं होतं, अन् मले तुझ्याशी भांडायचं होतं. मंग मी सरळ नदीवर गेली.

पैनगंगेत कमरेइतकं पाणी. आपल्या नेहमीच्या दगडावर बसली अन् समोर पाहते तं काय, धारेच्या मधोमध तुझं बेशरम फुललेलं! जांभळी जांभळी फुलं वाऱ्यावर डुलून राह्यलेली. मले असा राग आला आपा, का बोलायची सोय नाही. म्हटलं, अवं, लावणारी आजच गेली, अन् तुले फुलायचं सुचून राह्यलं? एक गोटा उचलून मारला. लागला बी नाही. माझा नेम कधी लागला?

काल तुझा चाळिसावा दिवस झाला. आता लोकं आपापल्या कामाले लागले, अन् मी अजून तिथंच बसल्यासारखी आहे. म्हणून आज बोलते. सगळं तुले ठाऊकच आहे, तरी पहिल्यापासून सांगणार. मधात तोंड घालून माझी गोष्ट तोडणारी तूच होती. आता तोड. तोडून दाखव.

नदीच्या आपल्या अंगचा कापूस त्या वर्षांत पार बसला होता. कधी पाण्यानं दगा दिला, कधी अळीनं बोंडं पोखरली, कधी ऐन भरात पऱ्हाटी लाल पडून वाळली. ज्याईच्या वावरात आपण लहानपणापासून वेचलं, तेच लोकं ढाणकीच्या चौकात हातावर हात देऊन बसलेले दिसत. त्याईलेच काम नाही तं आपल्याले कुठून? नदीच्या पल्याड मात्र विहिरी होत्या, मोटरी होत्या, तिकडं बोंडं फुटत होती. पूल एवढा लांब का फेऱ्यानं जाता जाता उन्हं डोक्यावर येत. म्हणून मंग आपली वेचणाऱ्या बायकाईची टोळी, सकाळी नदी उतरून पल्याड अन् सांजच्याला परत अल्याड. अन् टोळीच्या पुढं तू.

किती लोकाईले हे सांगून समजत नाही. त्याईले वाटते, नदी म्हणजे नदी, रोज जायचं तं वाट ठरलेली असंन. कसची ठरलेली? पाऊसकाळ सरला का दरसाल नवीन नदी. पुरानं सगळी रेती इकडची तिकडं केलेली. मागच्या साली घोटे भिजत नव्हते तिथं औंदा गळ्याइतकं. दरसाल दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू उतार, म्हणजे पायी पार जायची जागा, धुंडायले साडी खोचून पाण्यात उतरे, हातात तुरीची काडी. एक पाय रोवला का मंगच दुसरा उचले. आम्ही सगळ्या काठावर चिडीचूप. मलेच तेवढा दम निघत नसे. मी ओरडे, "आपा, अंडे घालून राह्यली का वं तिथं?" तू मांघं न पाहता म्हणे, "रमे, चूप बैस. रेती बोलून राह्यली, तुझ्या आवाजात ऐकूच येत नाही."

नंतर मलेही उतरवलं. पायाखाली टिनाच्या पत्र्यासारख्या लहरी लागल्या तं रेती कडक, बिनघोर पाय टाक. गुळगुळीत, लोण्यावाणी लागली तं पाय मांघं. खळखळत्या पाण्याले भ्यायचं नाही, गप्प पाणी दिसलं का समजायचं तिथं खोल. "माणसाचं बी असंच हाये," असं म्हणून तू माझ्याकडं पाहे अन् हासे. मी तं कधी गप्प नसे, म्हणजे माझं भ्याव कोणालेच नव्हतं.

अन् ते ओले ओचे! नदीतून निघालो का साडीच्या घड्याघड्यात रेती. ती वावरात सांडे, वेचता वेचता कापसात जाये. तिकडचे पाटील वजनकाट्यापाशी गाठोडं सोडून बोंबलत, "बायाहो, कापसात रेती काहून येऊन राह्यली?" सगळ्या खाली माना घालत. तू कमरेवर हात ठेवून म्हटलं, "नदी आमच्या मांघं मांघं येते पाटील, तिले समजावून सांगा." ते बी हासले. तुले कोणी रागावू शकत नव्हतं, हाच मोठा वैताग होता.

सांजच्याला घरी आली का उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी तू ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून ओचा झटके. घर स्वच्छ पाह्यजे तुले. मी तशीच शिरे अन् रातभर अंथरुणात कचकच. तू मले गलिच्छ म्हणे, मी तुले नखरेवाली म्हणे. तुझ्या त्या कोपऱ्यात रेतीचा ढीग झाला होता, कोंबड्या त्यात न्हात. तुझी शबाना लहान होती तवा त्यात घरं करे. कोणी त्याच्याकडं लक्ष देल्लं नाही, मी बी नाही.

आता आपल्या भांडणाचं सांगते. ते अर्धंच राह्यलं न.

होळीच्या आसपासची फरदडीची, हंगाम सरल्यावरच्या उरल्यासुरल्या बोंडाईची वेचणी होती. नदीत पाण्याची एक बारीक धार, बाकी सगळं रेतीचं मैदान. आपण दोघी परतीच्या वाटेवर मधातच बसून राह्यलेली भाकर खात होतो. वारा सुटला अन् माझ्या घोट्याले सुया टोचल्यासारखं झालं. खाली पाहते तं सगळी रेती चालून राह्यलेली! कण काही आभाळात उडत नव्हते. टोळावाणी उड्या मारत जात होते, एक पडला का त्याच्या धक्क्यानं दुसरा उडे. घोट्याले बोचत होते, तोंडाले एकबी नाही. मी म्हटलं, "पाह्य आपा, आपण इथं बसलो अन् नदी चालली. वाराच नेते रेतीले."

तू म्हटलं, "वारा काय नेते वं? वारा खेळते. नेते ते पाणीच."

"पूर चार दिसाचा पाहुणा. वारा बारा महिने घरातला."

"घरातला माणूस काय कामाचा असते, मले इचार," तू म्हटलं, अन् तुझ्या माणसाच्या, रफिकभाऊच्या नावानं आपण दोघी किती हासलो! बिचारा माणूस ढाणकीत सायकलीचे पंक्चर काढून राह्यला असंन, उचक्या लागल्या असतीन.

मंग मी माझा रिकामा डबा रेतीत रोवला. हात धुऊन, पाय पसरून, गप्पा मारून उठलो तवा डब्याच्या मांघल्या अंगाले रेतीची शेपूट तयार झाली होती. मी नाचली. तू डबा उचलला, पाण्याच्या धारेत ठेवला, एवढंच म्हटलं, "आता पाह्य." डब्याच्या पुढची रेती पाण्यानं पाहता पाहता उकरली, अन् डबा कलंडून खड्ड्यात बसला. "वाऱ्याले तास लागला," तू म्हटलं, "अन् इथं तुझं बोलून बी झालं नव्हतं."

तिथंच पैज लागली. जी हारंन तिनं जिंकलेलीचं कापसाचं गाठोडं एक दिवस आपल्या डोक्यावर न्यायचं, आपल्या गाठोड्याच्या वर. पण निवाडा कोण करणार? नदीले तं तोंड नाही. मंग दरसाल तेच. पूर आला का तू म्हणे, "जिंकली." वारा सुटला का मी म्हणे, "जिंकली." टोळीतल्या बायका कंटाळून गेल्या. पुष्पी तं म्हणे, "तुमच्या दोघीचंच गाठोडं बांधून नदीत टाकाव."

अन् मंग तू ते बेशरम लावलं.

त्याचं काय झालं होतं, तुरीच्या काड्या खुणेसाठी रोवल्या का चार दिसांत गायब. कोणी जळणाले उपटून ने, काही धारेत वाहून जात. रोज सकाळी नव्यानं चाचपडणं. एक दिवस तू काठावरच्या बेशरमाच्या झुडपाचे फोक, लांब हिरवे दांडे, तोडून आणले अन् धारेत या अंगापासून त्या अंगापर्यंत रोवून देल्ले. म्हणे, "याले बकरी तोंड लावत नाही, चुलीत कोणी घालत नाही, अन् हे मरत बी नाही. याच्या उजव्या अंगानं डोळे मिटून चाला." सगळ्याईनं तुझी वाहवा केली. मी बी केली, अन् मी कोणाची सहजासहजी करत नाही.

फोकाले पानं फुटली. उन्हाळ्यात पाणी आटलं तं त्याची जाळी झाली, अन् वाऱ्यानं दर जाळीच्या मांघं रेती आणून टाकली. बसलेल्या म्हशीच्या वगारीएवढे उंचवटे झाले. मी तुले हाताले धरून दाखवायले नेलं. म्हटलं, "बोल आता. हे पाण्यानं आणलं का?" तू उंचवट्यावर पाय आपटून पाह्यला. म्हणे, "पूर येऊ दे, मंग सांगते." आपल्याले दोघीले तिथं पैजच दिसली, आपा. रेती कुठून आली हे दोघीनं पाह्यलं, पुढं ती काय करणार हे एकीनंही नाही पाह्यलं. एवढ्या वर्षांच्या आपण, रोज त्याच पाण्यात!

तुरीची वाळकी काडी पुरात वाहून गेली असती. तं दसऱ्याले आपण पुन्हा उतरलो असतो, पुन्हा पाय रोवले असते. पण हे जित्तं होतं. नदी सरकली अन् खूण जागची हालली नाही.

पूर ओसरला अन् तुले ताप आला. नवरात्रात तू अंथरुणाले लागलेली, म्हणून दसऱ्याले आम्ही तुझ्याशिवाय नदीवर गेलो. समोर बेशरम हिरवंगार, मागच्या सालापेक्षा दुप्पट. सगळ्याईचा जीव भांड्यात पडला. "आपाची खूण आहे न, मंग भ्यायचं काय?" हातात हात घेतले अन् उजव्या अंगानं चाललो. मी पुढं होती. माझ्या पायाखालून रेतीच गेली. मी वळून ओरडेपर्यंत पुष्पी गळ्याइतक्या पाण्यात, अन् मंग दिसेच ना. तिची वेणी हाती लागली म्हणून ओढून काढली. काठावर उलट्या करत बसली होती पोट्टी, अन् सारखी म्हणे, "पण उजव्या अंगानंच तं चालली होती वो मी, उजव्याच अंगानं."

नंतर मी एकटी उतरली, चाचपून पाह्यलं. वाऱ्यानं जाळीमांघं जी रेती साचवली होती, तिच्यानं धार दाबली गेली होती. सगळं पाणी उजव्या अंगाच्या फटीतून घुसलं अन् तिथला तळ खरवडून घेऊन गेलं. म्हणजे ढीग वाऱ्यानं केला अन् डोह पाण्यानं. दोघायनं मिळून केलं, आपा. आपण दोघी पैज लावून बसलो अन् त्याईचं आपसात भांडणच नव्हतं.

हे मले तुले सांगायचं होतं. तिथून तडक तुझ्याकडं आली मी, ओल्या साडीनं. वाटेत ठरवलं बी होतं, आधी तुले खूप बोलीन, मंग दोघी मिळून हासू, मंग तू बरी झाली का दोघी जाऊन उपटू. तुझ्या खाटेपाशी आली अन् तुझे पाय पाह्यले. एवढी नदी ओळखणारे पाय, नुसते काड्या झालेले, अन् हात लावला तं तव्यावाणी गरम. तू डोळे उघडले. म्हटलं, "उतार कुठं हाय औंदा?"

मी तुझ्या पायावर गोधडी ओढत राह्यली. मी, जिच्या तोंडाले कधी कुलूप लागलं नाही!

तूच म्हटलं, "तिथंच असंन. बेशरम हाय न. पोट्टीईले उजव्या अंगानं ने."

शबाना चहा घेऊन आली. मी चहा प्याली. म्हटलं, जाऊ दे, बरी झाली का सांगू. आजाऱ्याले काहून तरास?

रफिकभाऊनं दुकानाले कुलूप लावलं. मोटारसायकलवर मधात बसवून तुले आधी ढाणकीले नेलं, मंग उमरखेडले. सलाईन लावल्या, सुया देल्ल्या. मी ताबीज आणला, बुद्धविहारात मेणबत्ती लावली, कोणी सांगतलं तो काढा केला. कशाचाच काही उपयोग नाही. ताप उतरे अन् पुन्हा चढे, अन् आम्ही उतरला का हासत होतो, चढला का एकमेकाच्या तोंडाकडं पाहत होतो. नदीत तू आम्हाले हात धरून नेलं, अन् इथं तुझा हात आमच्या हातात होता तरी तुले नेता आलं नाही. लोकाईले वाटे, ही बाई एक दिवस नदीत जाईन. नदीनं तुले नाही नेलं आपा. साध्या तापानं नेलं.

तू गेल्यावर बायका माझ्या दारात आल्या. "रमे, आता तूच पुढं हो." मी झाली. बेशरम सोडून दूर, वरच्या अंगाले मी नवीन उतार धुंडला. तुझ्यासारखाच एक पाय रोवून दुसरा उचलला. मांघून कोणी "अंडे घालून राह्यली का" म्हणून ओरडलं नाही.

पण नदी काय आपल्याच टोळीची आहे? खालच्या वस्तीच्या बायकाही आता पल्याड जात होत्या. त्या काठावर येत, हिरवी खूण पाहत अन् सरळ तिकडं वळत. मी रोज नवीन उतारावर उभी राहून घसा फोडे, "तिकडून नोको वो, तिकडून नोको!" वाऱ्यानं माझा आवाज त्याईच्यापर्यंत जाये तं जाये, नाही तं नाही. ते झाड उपटल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी विळा घेऊन निघाली तं शबाना मांघून धावत आली अन् माझ्या हाताले लटकली.

"रमाखाला, नोको. अम्मीच्या हातचं हाये ते."

"अवं, त्याच्यानं जीव जाईन कोणाचा."

"तिचं सगळं संपलं, खाला. कपडे वाटून टाकले, खाट धुऊन उभी केली. एवढंच एक जित्तं राह्यलं. तुले बी तिचं काही वाटत नाही का?"

ह्या पोट्टीले काय सांगू, आपा? हे तुझ्या मायनं लावलं अन् ह्याच्यानंच डोह झाला, असं सांगू? तुले माती देऊन आठ दिवस झाले नव्हते. मी विळा कमरेले खोचला अन् घरी आली. दोन्हीकडून माझेच हात बांधलेले. तू असती तं एका वाक्यात निकाल लावला असता, अन् तूच नव्हती म्हणून तं हे सगळं होतं. मी चुलीपाशी बसून तुले शिव्या देल्ल्या. खोटं काहून बोलू?

मंग ते झालंच. खालच्या वस्तीची एक बाई लेकराले कडेवर घेऊन उजव्या अंगानं उतरली अन् तिच्या पायाखालचा तळ गेला. आम्ही वरून धावलो. लेकरू मले सापडलं, बाईले पुष्पीनं ओढलं. दोघं वाचले. तिच्या चपला गेल्या अन् डबा गेला, डब्याचं झाकण धारेत फिरत फिरत लांबपर्यंत दिसत होतं. ती बाई बेशरमाकडं बोट दाखवून म्हणे, "खूण तं होती. कोणीतरी खूण लावलेली होती न?"

शबाना काठावर उभी होती. तिनं ऐकलं. ओढणी कमरेले बांधली, पाण्यात उतरली अन् पहिल्या जाळीले दोन्ही हातांनी धरून ओढलं. ते कसलं निघते? मुळ्या खोल गेलेल्या. मी गेली, पुष्पी गेली, मंग सगळ्या गेल्या. विळ्यानं मुळ्या तोडल्या, ओढलं, पडलो, पुन्हा ओढलं. तो पांढरा चीक हातभर झाला. एक एक जाळी निघाली अन् तिच्या मांघचा उंचवटा आमच्या डोळ्यासमोर धारेत ढासळला. उन्हाळाभर वाऱ्यानं कण कण आणलेला ढीग, पाण्यानं घोटभरात गिळला. तू असती तं म्हटलं असतं, "पाह्यलं? नेते ते पाणीच." मी वाट पाह्यली खरंच. येडी मी.

शबानानं एकही फोक धारेत जाऊ देल्ला नाही. मी म्हटलं, "टाकून दे बेटा, वाहून जाईन." तं म्हणे, "वाहून जाईन अन् दुसऱ्याच्या उतारात लागंन. अम्मीवर अजून एकाचा तळतळाट काहून घेऊ?" आपा, ही पोट्टी तुझ्यावर गेली. सगळे फोक गोळा करून डोक्यावर घेतले, घरी नेले, अन् ओट्याच्या कोपऱ्यात आणून टाकले. दाराशी बसून मंग जे रडली, ते तुले उचललं तवाही रडली नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली. दुसरं काय येते मले?

काल चाळिसाव्याच्या सैपाकाले मी पहाटेच आली. गोश्ताचे कांदे कापायले बसली ओट्यावर, डोळ्याले पाणी यायले बहाणा बरा. उजाडलं तसं कोपऱ्याकडं लक्ष गेलं. फोकाईले पालवी फुटलेली. त्या तुझ्या ढिगात, कोंबड्याईच्या न्हाणीत, नुसते फेकलेले फोक, अन् त्याईले चांगली बोटभर हिरवी पानं! मी कांदा तसाच ठेवून उठली. ढिगात हात घातला. बारीक, चमकणारी, आपल्या नदीची रेती. एवढी वर्षं रोज सांजच्याला तुझ्या ओच्यातून झटकलेली. नदी तिथं, घर इथं, मधात सारा गाव. ही रेती इथं वाऱ्यानं नाही आणली, आपा. अन् पाण्यानं बी नाही.

म्हणजे आपण दोघी हारलो. आता कोणाचं गाठोडं कोणी न्यायचं ते सांग. मी न्यायले तयार आहे, एक दिवस काय, उरलेली सगळी फरदड नेईन, माझ्या गाठोड्याच्या वर ठेवून. फक्त बांधून दे. अन् तेच तं होत नाही.

शबाना मांघं येऊन उभी राह्यली. "खाला, हे राहू देऊ का?" म्हणे. मी म्हटलं, "राहू दे. इथून कोणी उतरत नाही."

आज वेचणीवरून परत येता येता पाय तुझ्या ओट्यापाशी थांबले. माझ्या घरी मी आयुष्यात कधी ओचा झटकला नाही, तुले ठाऊक आहे. आज तिथं उभी राहून झटकला. घडी घडी उलगडून, कोपरे पालथे करून, सगळी रेती काढली. ढिगावर पडली, आवाज बी झाला नाही. मुठीनं माती द्यायले मले येता आलं नाही आपा, म्हणून ही अशी. उद्या पुन्हा येईन.